नॅसॉ कोलिझियम, शनिवार रात्र आणि शेजारी आबा

पहिल्यांदा कामाची गोष्ट. डब्ल्यूडब्ल्यूईच्या, म्हणजे निकाल आधीच ठरलेल्या अमेरिकी टीव्ही-कुस्तीच्या, कार्यक्रमाचं तिकीट काढणार असाल तर मुख्य कॅमेरा ज्या बाजूला असतो, त्याच बाजूची खुर्ची घ्या. मल्ल त्या कॅमेऱ्याकडे तोंड करून लढतात. समोरच्या बाजूला बसलात तर तुम्ही टीव्हीवर दिसाल, पण तुम्हाला मात्र पाठीच दिसतील. आम्हाला पाठी दिसल्या. तिकिटं आम्ही पुन्हा विकणाऱ्या एका संकेतस्थळावरून घेतली होती. तिथे 'उत्तम दृश्य' असं लिहिलं होतं. आबा म्हणाले, "खासबागेत कुठंबी बसा, आखाडा दिसतोयच."

१४ डिसेंबर २०२४, लाँग आयलंडचं नॅसॉ कोलिझियम. 'सॅटर्डे नाइट्स मेन इव्हेंट' हा डब्ल्यूडब्ल्यूईचा जुना कार्यक्रम बऱ्याच वर्षांनी एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर परतत होता, म्हणून कोल्हापूरहून आलेल्या आबांना घेऊन न्यू जर्सीहून गाडी काढली. जागा मुद्दाम हीच निवडलेली. मे १९८५ मधला पहिला भाग इथेच चित्रित झाला होता. हल्क होगन विरुद्ध बॉब ऑर्टन. होगनच्या बाजूने अभिनेता मिस्टर टी, ऑर्टनच्या बाजूने मल्ल रॉडी पायपर. टीव्हीवर दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी मातृदिन असल्यामुळे काही मल्लांच्या आयाही कार्यक्रमात होत्या! त्यावेळी समालोचन करणारे जेसी व्हेंचुरा या वेळीही माइकवर होते. मधल्या काळात गडी मिनेसोटाचा गव्हर्नर होऊन आला.

गंथर, लिव्ह मॉर्गन, ड्रू मॅकिन्टायर, सगळे बघून झाले. चेल्सी ग्रीन महिलांची पहिली युनायटेड स्टेट्स चॅम्पियन झाली. पण आबांचं लक्ष वेगळीकडेच. दोन्ही खांदे टेकले की ते उठून उभे राहायचे. "पाठ लागली की रं! आता मोजतोय काय ह्यो?" तीनपर्यंत मोजायचं असतं हे मी चारदा सांगितलं. मग मला १९८८ चा ५ फेब्रुवारी आठवला. शुक्रवारची रात्र, एनबीसीवरच, होगन विरुद्ध आंद्रे द जायंट. होगनचा खांदा वर असूनही पंचाने तीन मोजले, मग कळलं की पंचाचा जुळा भाऊ रिंगणात आलाय. अमेरिकेत सव्वातीन कोटींहून जास्त लोकांनी ते पाहिलं म्हणतात. आबा ऐकून गप्प झाले, मग म्हणाले, "असा पंच आमच्याकडं मैदानातनं घरी पोचला नसता."

दुसरी अडचण जाहिरातींची. घरी जाहिरात लागते तेव्हा आपण चहा टाकतो, इथे मात्र ती मिनिटं बसून काढायची. तेवढा वेळ रिंगणात एकजण दुसऱ्याचं डोकं काखेत धरून निवांत बसतो. गाडीत मी आबांना ड्युमाँट या जुन्या अमेरिकी वाहिनीची गोष्ट सांगितली होती. शिकागोच्या मॅरिगोल्ड सभागृहातून १९४९ पासून काही वर्षं कुस्त्या दाखवायचे. एक रिंगण, वर दिवे, खर्च कमी, आणि तेव्हाच्या वीतभर पडद्यावरही दोन माणसं नीट दिसायची. कुरळे केस सोनेरी रंगवलेला मल्ल गॉर्जस जॉर्ज टीव्हीनेच घरोघरी नेला. आता आबा म्हणाले, "म्हंजे टीव्हीसाठीच चाललंय हे. आपण आपलं फुकट आलोय." फुकट नव्हतो आलो, पण आकडा त्यांना सांगितला नाही.

शेवटची लढत कोडी ऱ्होड्स आणि केविन ओवेन्सची. कोडी जिंकला आणि लोक पार्किंगकडे पळू लागले. आम्हीही उठलो, तेवढ्यात ओवेन्सने त्याला डोक्यावर आपटलं. स्ट्रेचर आला. सबंध संध्याकाळ "लटकं हाय" म्हणणारे आबा परत खाली बसले, मफलर हातात घेऊन. स्ट्रेचर आत जाईपर्यंत हलले नाहीत. पार्किंगमधून बाहेर पडायला आम्हाला पाऊण तास लागला. त्यात त्यांनी मला तीनदा विचारलं, "मान बरी असंल न्हवं त्याची?"

कार्यक्रमाला चार तारे, खुर्चीला दीड.