कॅप खोलताना घाई न करणारं गॅरेज

बार्शीहून लातूरकडे जाताना रस्त्याच्या कडेला असलेल्या ट्रॅक्टर गॅरेजात आमच्या तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरचं इंजिन काम करून घेतलं. ऑइल खात होता, चढाला दम टाकत होता. मजुरी आसपासच्यांपेक्षा जास्त आहे, पण इथले मिस्त्री कनेक्टिंग रॉडची, म्हणजे पिस्टनला क्रँकशी (इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी) जोडणाऱ्या दांड्याची, खालची सुटी कॅप कशी खोलतात हे पाहिलं की पैसे द्यायला हात आखडत नाही.

आधी रॉड आणि कॅपवरचे नंबर चिंधीने पुसून बघितले. एका जोडीवरचा नंबर पुसट होता, तिथे एकाच बाजूला दोन्हींवर पंचाची खूण केली. नट पूर्ण काढले नाहीत. बोल्टच्या टोकाबरोबर आणून ठेवले आणि प्लॅस्टिकच्या हातोडीने नटांवर हलके टोले दिले. कॅप सुटली. हाताखालचा पोरगा फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालायला निघाला, तर मिस्त्री म्हणाले, "ठेव तो खाली. तिथं ओरखडा पडला तर कॅप परत नीट बसायची नाही." मला हेच पटलं. रॉड आणि कॅपचं भोक कंपनीत एकत्र बोअर केलेलं असतं. एका रॉडची कॅप दुसऱ्या रॉडला लावली की गोलाई जाते आणि बेअरिंग धरतं.

कॅप निघाल्यावर रॉडच्या दोन्ही बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवले, म्हणजे पिस्टन वर ढकलताना आटे क्रँकच्या जर्नलला (बेअरिंग बसतं त्या गुळगुळीत भागाला) लागत नाहीत. एवढीशी नळी न लावल्यामुळे किती क्रँक ग्राइंडिंगला (घासून नीट करायला) जातात! लायनरच्या (पिस्टन ज्यात चालतो त्या नळीच्या) तोंडाचा कार्बन खरवडला आणि मग हातोडीच्या लाकडी दांड्याने पिस्टन वर ढकलला. वर दुसरा हात धरायला तयार. प्रत्येक कॅप आपल्याच रॉडला लावून ठेवली.

जोडतानाही तेच. शेलची (बेअरिंगच्या अर्धगोल पट्टीची) पाठ कोरडी, आतून ऑइल, नंबर एका बाजूला, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्याने) टप्प्याटप्प्याने आवळणी. दर कॅपनंतर क्रँक हाताने फिरवून बघतात. आता धूर नाही, ऑइलचं प्रेशरही चांगलं आहे.

पक्कं बिल मात्र मागून घ्यावं लागतं, आणि पेरणीच्या तोंडावर नेलात तर रांग लागलेली असते. उन्हाळ्यात नांगरट उरकली की लगेच टाका.