झोहो मेलचं फुकट खातं: गावाकडच्या वापरात काय अडतं

ऑक्टोबर २०२५ मध्ये अमित शहांनी आपला मेल झोहो या भारतीय कंपनीच्या मेल सेवेवर नेल्याचं जाहीर केलं आणि हे नाव तालुक्याच्या सेतू केंद्रांपर्यंत पोचलं. सेवा तशी २००८ पासूनची आहे, गावात मात्र आत्ता आली. काही महिने वापरल्यावर चांगलं सांगायचं तर जाहिराती नाहीत, फुकट खात्यातसुद्धा. वाईट सांगायला जरा वेळ लागेल.

खरी अडचण अटींमध्ये आहे आणि अटी कोणी वाचत नाही. फुकट खातं सलग १२० दिवस वापरलं नाही, तर सूचना देऊन ते बंद करण्याचा आणि त्यातलं सगळं पुसण्याचा हक्क कंपनीने राखून ठेवला आहे. रोज मेल बघणाऱ्याला याची झळ नाही. इकडे मात्र मेल उघडतो तो जुलैत, पीक विमा भरताना. मग सोयाबीन निघतं, कापसाची वेचणी होते, मेलला कोणाचा हात लागत नाही. ३१ जुलैपासून मोजा, नोव्हेंबर संपायच्या आत १२० दिवस भरतात. आणि ती सूचना मेलवरच येणार असेल तर ती बघणार कोण? जीमेलची हीच मुदत दोन वर्षांची आहे. झोहो ठेवायचंच असेल तर महिन्यातून एकदा लॉगिन करून दोन मेल उघडा, आणि रिकव्हरीसाठी, म्हणजे खातं अडकलं तर परत मिळवायला, नागपूर-पुण्यात शिकणाऱ्या पोराचा चालू मेल पत्ता द्या.

मोबाइल नंबरही बघून द्या. रिचार्ज संपून सिम बंद पडलं, तर ९० दिवसांनंतर तो नंबर दुसऱ्याला मिळू शकतो. मग ओटीपी त्याच्या फोनवर! ओटीपीऐवजी चालणारे बॅकअप कोड काढून पासबुकाच्या कव्हरात ठेवलेले बरे.

दुसरा घोळ टायपिंगचा. पत्त्याच्या शेवटी ‘झोहोमेल डॉट इन’ असतं, पण फॉर्म भरणाऱ्याची बोटं सवयीने ‘जीमेल डॉट कॉम’ लिहून मोकळी होतात. त्या नावाचं जीमेल खातं कोणाचं असेल तर कागद त्याच्याकडे जातात, नसेल तर परत फिरतात. इकडे माणूस म्हणतो, ‘मेल आलाच नाही जी.’ सबमिट करण्याआधी पत्ता स्वतः वाचून घ्या.

शेतकरी उत्पादक कंपन्यांना मात्र ही योजना खुणावते. स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे @ नंतर कंपनीचंच नाव असलेले, पाच जणांचे पत्ते, प्रत्येकाला ५ जीबी, तेही फुकट. डोमेनचे वार्षिक पैसे तेवढे वेगळे. इथे चुका होतात त्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनचा मेल, वेबसाइट कुठे जायची हे सांगणाऱ्या नोंदींमध्ये. झोहोच्या तीन एमएक्स नोंदी (मेल कोणत्या सर्व्हरवर उतरायचा ते सांगणाऱ्या) टाकायच्या, प्राधान्य १०, २० आणि ५०, पण होस्टिंगवाल्याची जुनी एमएक्स नोंद काढायची राहते आणि काही मेल जुन्या पेटीत पडत राहतात. एसपीएफ आणि डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आला हे पटवणाऱ्या नोंदी, दोन्ही लावा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल यातलं किमान एक मागतं. नाहीतर व्यापाऱ्याला पाठवलेलं कोटेशन स्पॅममध्ये जातं किंवा परत येतं.

आणखी एक, हिशेबनिसांना हे नक्की खटकेल: फुकट योजनेत आयमॅप आणि पॉप, म्हणजे दुसऱ्या मेल प्रोग्रॅममध्ये मेल आणायच्या सोयी, नाहीत. म्हणजे आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये मेल उतरत नाही, सगळं ब्राउझर नाहीतर झोहोच्या ॲपमधून. लाइन गेली, टॉवर बसला की संगणकावर जुना मेल शोधणं थांबलं. करार, पावत्या आल्या त्याच दिवशी पीडीएफ करून पेनड्राइव्हवर घ्या. जोडपत्राची मर्यादा २५ एमबी आहे, पण पाठवताना फाइल साधारण एक तृतीयांश फुगते, त्यामुळे १८ एमबीच्या वर जाऊच नका. सातबारा, आठ-अ रंगीत स्कॅन करायची गरज नसते. १५० डीपीआय (स्कॅनचा बारकावा), काळं-पांढरं पुरतं.

जीमेल बंद करायच्या भानगडीत पडू नका. अँड्रॉइड फोनच्या प्ले स्टोअरला गूगल खातं लागतंच. जुन्या जीमेलचे मेल झोहोवर फॉरवर्ड करा आणि पुढचा खरीप हंगाम सरेपर्यंत दोन्ही चालू ठेवा. हे फॉरवर्डिंग जीमेलच्या मोबाइल ॲपमध्ये सापडणार नाही, संगणकावर ब्राउझर उघडूनच लावावं लागतं.