भिशी की पोस्टाची आरडी? दोन्हीकडे हप्ते भरलेल्या माणसाचं मत

पगार सात तारखेला होतो आणि वीस तारखेनंतर घरात पैशाचं बोलणं मुलांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात होतं. अशा घरात महिन्याला हजार-दोन हजार बाजूला पडू शकत असतील तर ते कुठे टाकायचे, एवढ्यापुरतंच हे लिहितोय. मी सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात आहे. घरात आई, बायको, दोन शाळकरी मुलं. नऊ वर्षं कामावरच्या भिशीत होतो. पोस्टात दोनदा आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेला हप्ता भरायचं पाच वर्षांचं खातं, उघडली. पहिली अर्ध्यात बंद पडली, दुसरी चालू आहे. सोनं, एसआयपी यातलं मला फारसं कळत नाही, म्हणून त्याबद्दल बोलत नाही.

व्याजाचा हिशेब आधी उरकतो. आमची भिशी बाराजणांची, दोन-दोन हजारांची. दर महिन्याला सगळ्यांनी पैसे जमा करायचे आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याने ती सगळी रक्कम उचलायची. वर्षभरात चोवीस हजार घालायचे, चोवीस हजार उचलायचे. ज्याचा नंबर पहिला लागतो त्याला बिनव्याजी कर्ज मिळतं आणि ज्याचा शेवटचा, त्याने ते दिलेलं असतं. पोस्टात ऑक्टोबर २०२३ पासून ६.७ टक्के दर आला. खातं उघडताना जो दर असेल तो पाचही वर्षं तोच राहतो. या दराने महिन्याला हजार भरले तर साठ हजारांचे पाच वर्षांनी ७१,३६६ रुपये होतात. म्हणजे आकड्यांवर पोस्ट सरळ पुढे आहे. पण पाच वर्षांत अकरा हजार जास्त मिळतात एवढ्यासाठी मी भिशी सोडली नसती, कारण भिशीने मला जे दिलं ते अकरा हजारांपेक्षा मोठं होतं.

भिशीने मला हप्ता चुकवू दिला नाही. नऊ वर्षांत एकदाही नाही. आठ तारखेला दुपारच्या सुट्टीत कॅन्टीनच्या मागच्या बाकावर सगळे जमायचे. एका वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या, चार घड्या घालून, जेवणाच्या रिकाम्या डब्यात. डबा हलवायचा आणि चहा घेऊन येणाऱ्या पोराला एक उचलायला सांगायचं. त्या बाकावर रिकाम्या हाताने जाऊन बसणं शक्यच नव्हतं. एकदा मुलीच्या तापात पगारातले तीन हजार पहिल्याच दिवशी गेले, तरी आठ तारखेला माझे दोन हजार डब्याशेजारी होते; मेहुण्याकडून हातउसने आणले होते.

पहिली आरडी याच्या बरोबर उलटी गेली. हजार रुपयांची होती आणि मी स्वतः काउंटरवर जाऊन भरायचो. हप्ता चुकला तर शंभराला एक रुपया दंड, म्हणजे माझ्या खात्याला महिन्याचे दहा रुपये. दहा रुपयांची भीती कोणाला वाटणार? पहिली पाळी सुटेपर्यंत काउंटर बंद झालेलं असायचं, रजा टाकावी तर अर्धा दिवस जायचा. एक हप्ता राहिला, मग दुसरा. चार हप्ते थकले की खातं बंद पडतं. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत सगळे थकलेले हप्ते दंडासकट भरले तर ते पुन्हा चालू होतं. माझ्याकडे एकदम पाच हजार कुठले असणार? चौदा हप्त्यांवर खातं थांबलं. तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत ते पैसे हातात आले नाहीत आणि आले तेव्हा बचत खात्याच्या दराने आले. त्या वेळी मी घरी सांगितलं होतं, पोस्ट आपल्यासाठी नाही.

इतकं असूनही आज माझे पैसे पोस्टात आहेत. याला कारण आईचं आजारपण.

२०२३ च्या पावसाळ्यात आई मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया ठरली, दवाखान्यात आगाऊ रक्कम भरायची होती. भिशीचा त्या वर्षीचा माझा नंबर अजून लागला नव्हता. आमच्यात अशी पद्धत होती की खरीच अडचण असेल तर चिठ्ठी न काढता त्याला उचलू द्यायचं. मी तसं विचारलं. त्याच महिन्यात वेल्डिंगवरच्या एकानेही विचारलं होतं. त्याच्या मुलाचा पॉलिटेक्निकचा प्रवेश होता आणि फी भरायला दोन दिवस उरले होते.

आता बाराजणांनी बाकावर बसून काय करायचं? दोघांचं ऐकायचं. मला विचारलं, दवाखाना कोणता, सरकारी का नाही, किती भरायचे, भावाकडून काही येणार आहे का, कंपनीतून उचल मिळेल का. यातला एकही प्रश्न वाईट हेतूने विचारलेला नव्हता. माणसं चांगली होती, आजही आहेत. शेवटी निवाडा माझ्या बाजूने झाला. वेल्डिंगवाल्याने स्वतःच म्हटलं, आईचं आधी होऊ दे. मला चोवीस हजार मिळाले, आई दोन महिन्यांत वॉकर धरून चालायला लागली. त्याच्या मुलाची फी त्याने बायकोच्या बांगड्या गहाण टाकून भरली, हे मला नंतर कळलं.

तेव्हापासून एक गोष्ट मनाला लागून राहिली. स्वतःचे घातलेले पैसे मागताना मला घरातलं सगळं अकरा माणसांसमोर मांडावं लागलं, आणि माझी अडचण दुसऱ्याच्या अडचणीशेजारी ठेवून तोलली गेली. पुढचे कितीतरी महिने मी कामावर नवीन चप्पलसुद्धा घालून गेलो नाही. मुलाला सायकल घ्यायची ठरली होती, ती पुढे ढकलली. जुनीच मिळणार होती, तरी ढकलली. कोणी काही बोललं असतं असं नाही. पण भिशी उचललेला माणूस उरलेले हप्ते फेडेपर्यंत स्वतःच स्वतःकडे अकराजणांच्या डोळ्यांनी बघत राहतो, निदान मी तरी बघत होतो. दुसऱ्या कोणाला याचं काही वाटणार नाही, हे मान्य आहे. माझ्यासाठी मात्र निर्णय तिथेच झाला.

लिलावाच्या भिशीबद्दल दोन वाक्यं. तिथे चोवीस हजारांची रक्कम अडलेला माणूस एकवीस हजारांत उचलतो आणि वरचे तीन हजार सगळ्यांत वाटले जातात, म्हणजे ज्याला गरज जास्त त्याच्या खिशातून बाकीच्यांना फायदा. १९८२ च्या चिट फंड कायद्याखाली नोंदणी केलेल्या कंपन्या हेच रीतसर करतात आणि चालवणाऱ्याचं कमिशन २०१९ पासून जास्तीत जास्त ७ टक्के आहे. ओळखीपाळखीतल्या लिलावाला असा कुठलाच कागद नसतो. कोणी मधेच गाव सोडून गेला तर त्याच्या दारात जाऊन बसण्यापलीकडे फारसं काही हातात राहत नाही. त्या वाटेला मी गेलो नाही आणि विचारलंत तर जाऊ नका असंच सांगेन.

२०२३ च्याच नोव्हेंबरमध्ये पोस्टात परत गेलो, पण या वेळी एजंट ताईंमार्फत. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना १९७२ पासून आहे. या योजनेतल्या बायका घरोघर जाऊन आरडीचे हप्ते गोळा करतात. त्यांचं ४ टक्के कमिशन सरकारकडून येतं, आपल्याला वेगळं काही द्यावं लागत नाही. आमच्या ताई दहा तारखेला संध्याकाळी येतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत रबर लावलेली पासबुकं, हप्ता मिळाल्याची कार्डावर सही, आईची चौकशी, अर्धा कप चहा. हप्ता नाही म्हणून त्यांना परत पाठवायचं माझ्या जिवावर येतं. म्हणजे भिशीतला जो धाक मला उपयोगी होता, तो मला इथे एकाच माणसाच्या रूपाने मिळाला. फक्त कार्डावरच्या सहीवर समाधान मानू नका. दोन-तीन महिन्यांनी पासबुकात नोंद आणि शिक्का बघायचाच. आमच्या ताई स्वतःहून दाखवतात, तरी मी बघतो.

मग जून २०२५ आला. मुलगी नववीत गेली, वह्या, गणवेश, क्लासचा पहिला हप्ता, सगळं एकदम. आरडीला बारा हप्ते आणि एक वर्ष पूर्ण झालं की शिल्लक रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं आणि व्याज आरडीच्या दरापेक्षा २ टक्के जास्त, माझ्या बाबतीत ८.७. मी पासबुक आणि अर्ज घेऊन काउंटरवर गेलो. आत जाताना मनात उत्तरं तयार ठेवली होती: कशासाठी हवेत, किती दिवसांत फेडणार, घरात कमावणारं आणखी कोण. पलीकडच्या बाईंनी पासबुक चाळलं, सही कुठे करायची ते दाखवलं. कारण विचारलंच नाही. पाच हजार घेतले, दिवाळीच्या बोनसमधून फेडले. पाच महिन्यांचं व्याज दोनशे रुपयांच्याही आत होतं. बाहेर पडल्यावर मी पायरीवर थोडा वेळ थांबलो. मला बरं वाटत होतं, आणि ते का हे कळायला वेळ लागला.

दोनशे रुपये हे भिशीच्या शून्य व्याजापेक्षा जास्तच आहेत, हे मान्य. शिवाय निम्मीच रक्कम मिळते. आईच्या वेळी चोवीस हजार लागले होते. आरडीत तेव्हा तेवढेच साठलेले असते तर पोस्टातून फक्त बारा मिळाले असते. मोठ्या अडचणीला भिशी धावून येते, बाराजण मनाने चांगले असतील तर. हे मी नाकारत नाही.

पोस्टाचा जाच दुसऱ्या जागी आहे. तीन वर्षांच्या आत खातं मोडता येत नाही. नंतर मोडलं तर, पाच वर्षांना एक दिवस कमी असला तरी, व्याज बचत खात्याचं म्हणजे ४ टक्के. म्हणून मी हजाराची एक आरडी न उघडता पाचशेच्या दोन उघडल्या. किती खाती असावीत यावर बंधन नाही. उद्या मोडायची वेळ आलीच तर एक मोडेन, दुसरी पुरी होईल. कर्जसुद्धा मी एकावरच घेतलं. ही गोष्ट मला पहिल्या वेळी कोणी सांगितली असती तर फार बरं झालं असतं.

तारखेचंही तसंच. महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत खातं उघडलं तर दर महिन्याचा हप्ता पंधरापर्यंत भरायचा. सोळानंतर उघडलं तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत. पगार सातला आणि वेळेवर होत असेल तर पंधराच्या आत उघडा, म्हणजे पैसे खर्चाच्या वाटेला लागायच्या आधी भरले जातात. पगार मागेपुढे होत असेल, कामच रोजंदारीचं असेल, तर सोळानंतरच उघडा. दंड लहान असला तरी चुकायची सवय वाईट लागते, हे मी चौदा हप्त्यांवर शिकलो. बोनस हातात आला की सहा महिन्यांचे हप्ते एकदम भरून टाकता येतात आणि त्यावर शंभराच्या हप्त्यामागे दहा रुपये सूट मिळते, बारा महिन्यांचे भरले तर चाळीस. सूट थोडी आहे, पण पुढच्या सहा महिन्यांची काळजी मिटते.

भिशीत कोणी जावं? ज्यांना वर्षभरातच ठरलेल्या कामासाठी पैसे हवेत, नंबर आधी लागला काय आणि नंतर लागला काय फरक पडत नाही, आणि माणसं दहा-पंधरा वर्षांच्या ओळखीची आहेत, त्यांनी जरूर जावं. माझी बायको गल्लीतल्या बायकांच्या पाचशेच्या भिशीत आहे आणि मी तिला कधी सोड म्हटलं नाही. गेल्या वर्षी तिचा नंबर श्रावणात लागला, तिने मिक्सर आणि स्वतःसाठी एक साडी घेतली. आरडीतून मिक्सर कधीच आला नसता, आम्ही ते पैसे मोडलेच नसते. पण घरातलं आजारपण आणि मुलांचं शिक्षण यासाठी ठेवलेले पैसे मी भिशीत ठेवणार नाही.

वेल्डिंगवाल्याच्या बांगड्या पुढच्या वर्षी सुटल्या. त्याने यंदा पाचशेची आरडी उघडली, आमच्याच ताईंकडे. आता त्या दहा तारखेला आमच्याकडून निघून त्याच्याकडे जातात.