जुन्या ट्रॅव्हलरचा घरगुती कॅम्पर, छतावरचा फॅन आणि ४० डिग्रीतला 'पाऊस': उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

फॅनबद्दल आधी लिहितो, कारण डोकं त्याच्यानंच फिरवलं. गाडीचं, म्हणजे जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरला घरीच राहण्याजोगी केली त्याचं, नंतर.

मार्चअखेर, अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीकडचं ऊन, पारा ४० वर, गाडी शेतात आंब्याखाली लावलेली आणि छतावरचा १४ इंची फॅन आपोआप झाकण मिटून गप्प. बटण दाबलं की झाकण चार बोटं उघडते, परत बंद. पॅनेलवर थेंबाचा बारका दिवा लागलेला. म्हणजे ह्याच्या मते पाऊस पडून राहिला होता! आभाळात ढगाचं चिंधूक नाही. शेजारच्या वावरातले काकाजी येऊन वर पाहून म्हणाले, "काहून बंद करून राहिला हा?" म्हटलं काकाजी, याले पाणी दिसून राहिलं.

कस्टमर केअरला फोन लावला तर तिकडून पहिला प्रश्न, "सर, त्या वेळी पाऊस होता का?" नाही म्हटलं. "सर, सेन्सरनं पाऊस डिटेक्ट केला म्हणजे युनिट नॉर्मल काम करतंय." आता याच्यावर माणसानं काय बोलायचं. व्हिडिओ पाठवला, फोटो पाठवले, मेल केले, शेवटी उत्तर आलं की फिटिंग आमच्या माणसानं केलेलं नाही म्हणून वॉरंटी नाही, फॅनचा पूर्ण सर्किट बोर्ड बदलावा लागेल, साडेसहा हजार. वीस हजारांच्या वर गेलेला फॅन, वर्षही झालेलं नाही, आणि यांचा माणूस इथं तालुक्याला फिटिंगला येणार होता का कधी?

खरं कारण काय निघालं ते सांगतो, ज्यांच्याकडे असा रेन सेन्सरवाला फॅन आहे त्यांच्या कामी येईल. सेन्सर म्हणजे झाकणाजवळ धातूच्या दोन बारीक रेघा, मध्ये फट. फटीवर पाणी पडलं की करंट एकीकडून दुसरीकडे जातो आणि बोर्डाला कळतं की ओलं झालं. पण ते ओलं कशानं झालं हे त्याला कळत नाही. आंब्याला बहर आला की तुडतुडे येतात आणि त्यांचा चिकटा खाली टपकत राहतो, पानं कशी चकचकीत होतात पाहिलंच असेल. तोच चिकटा वरून पडायचा, त्याच्यावर धूळ, आणि झाला पाऊस. कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसलं की चालू. दोन दिवसांनी परत तेच. कंपनीनं मेन्यूमध्ये सेन्सर बंद करायची सोयच दिलेली नाही, एवढ्या महागड्या वस्तूत.

मग बोर्डाकडे जाणाऱ्या सेन्सरच्या वायरमध्ये मोटरसायकलच्या दुकानातला पंधरा रुपयांचा स्विच टाकला. स्विच बंद म्हणजे सर्किट उघडं, म्हणजे बोर्डासाठी कायम कोरडं. पावसाळ्यात स्विच चालू. कंपनीच्या साडेसहा हजारांचं काम पंधरा रुपयांत झालं. तरी रागाच्या भरात ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार टाकलीच. काही दिवसांनी कंपनीतून फारच गोड आवाजात फोन आला आणि बोर्ड फुकट आला. बसवला नाही, जुना चालतो आहे तोपर्यंत कशाला उघडायचं.

इथपर्यंत मी या फॅनला दोनच तारे द्यायचे ठरवले होते. एप्रिलनंतर मत फिरलं.

झालं असं की एसीचा हिशोब करून पाहिला. साधा एक टनाचा एसी धरा हजार वॅटच्या आसपास, आणि माझी बॅटरी १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट, १२.८ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली १२८० वॅट-अवर. इन्व्हर्टरचा तोटा धरला की तासभर गारवा आणि मग मेणबत्ती. त्यात सोलर पॅनेलही उन्हाळ्यात पूर्ण पॉवर देत नाही, कारण पॅनेल तापलं की २५ डिग्रीच्या वर दर डिग्रीला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के पॉवर कमी होते, आणि छतावरचं पॅनेल मेमध्ये ६५ च्या घरात जाते. म्हणजे ऊन वाढलं तरी चौदा-सोळा टक्के पॉवर तापण्यातच जाते.

पण कूलर तर आपल्या हाडात आहे नं. गुढीपाडवा झाला की घराघरात ताट्या बदलतात, कूलरच्या गवताचा वास सुटतो. तर मागच्या बाजूच्या एका सरकत्या काचेच्या जागी वाळ्याची ताटी बसवली, वर भोकं पाडलेला पाइप, खाली पन्हळ, १२ व्होल्टचा दोनशे रुपयांचा पंप आणि पाण्याचा कॅन. बाकी सगळ्या काचा घट्ट बंद. छतावरचा फॅन बाहेर हवा फेकण्यावर. म्हणजे गाडीत हवा यायला रस्ता एकच, ओल्या वाळ्यातून. अख्खी गाडीच कूलर झाली. फॅन आणि पंप मिळून पन्नास-साठ वॅट, बॅटरीवर रात्रभर आरामात चालते आणि सकाळी शिल्लकही राहते.

बाहेर ४४ असताना आत थर्मामीटरवर ३३-३४ दिसले, तेव्हा मी बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली वास किती छान येते. तिला आकडा दिसलाच नाही. आईनं तर दुपारची झोप गाडीतच घ्यायला सुरुवात केली.

हे चालते कारण आपल्याकडे मेमधली हवा कोरडी ठणठणीत असते, दमटपणा १५-२० टक्क्यांवर येतो. कोकणात किंवा मुंबईला हा प्रयोग करू नका, घाम फुकटचा. पाणी मात्र पिते, तासाला तीनेक लिटर धरा, म्हणजे रात्रीला वीस-पंचवीस लिटर वेगळं लागतं. विहिरीचं जड पाणी असेल तर ताटीवर पांढरे क्षार बसतात आणि हवा अडते, आठवड्याला धुवावी लागते. ताटी तीनशे-चारशेची. एसीच्या किमतीत नातवंडांपर्यंत ताट्या पुरतील.

आणि पाऊस लागला की हा सगळा थाट खल्लास. जूनअखेर पाणी टाका नाहीतर दूध टाका, हवाच ओली, तर वाळा काय करणार. ताटी काढून वाळवून ठेवायची, नाहीतर बुरशीचा वास धरते. पावसाळ्यात फॅन नुसता फॅन राहतो. सेन्सर तेव्हा आपलं काम करतो, पण चार थेंब बसल्यावर जागा होतो आणि झाकण मिटेपर्यंत गादीचा कोपरा ओला. म्हणून गादी फॅनखालून सरकवली. जिथं सेन्सर पाहिजे तिथं आळशी आणि जिथं नको तिथं भलताच हुशार, याच्यावर माझा राग अजून गेलेला नाही.

आता गाडी. मागच्या दारावर बजाज टेम्पो लिहिलेलं आहे, म्हणजे २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं त्याच्या आधीची. मुळात हा सांगाडा मर्सिडीजच्या टी-१ व्हॅनचा, आणि इंजिनही मर्सिडीजच्या ओएम ६१६ च्या घराण्यातलं, म्हणून कुठलाही जुना डिझेल मिस्त्री डोळे झाकून खोलतो. इंजिनबद्दल तक्रार नाही. केबिनमध्ये पायाशी तापते, परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना काटा वर सरकते, थांबायचं, चहा घ्यायचा, परत निघायचं. समृद्धीवर कारला १२० ची मुभा आहे, आपली ७० वर खूश असते. दीड लाखाच्या आतल्या गाडीकडून अजून काय पाहिजे. टायर मात्र घेतल्याबरोबर बदला, नक्षी कितीही दिसो. टायरच्या बाजूला कोडच्या शेवटी जे ४ अंक असतात ते कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते सांगतात. माझ्या गाडीचे वाचून मला घाम फुटला होता.

गंजाचं काम सगळ्यात किचकट. चाकांच्या वरच्या कमानी, मागच्या दाराची पायरी आणि छताच्या कडेनं जी पाण्याची पन्हळ जाते तिच्या खाली. स्क्रूड्रायव्हरनं टोचून पाहा, आत गेला तर तिथं नुसती पुट्टी आहे. आमच्या गावचा फॅब्रिकेटर ट्रॉल्या, वखर, पेरणी यंत्रं एक नंबर करतो, पण पातळ पत्र्यावर त्याचं आर्क वेल्डिंग म्हणजे जोडण्यापेक्षा भोकंच जास्त. तोच प्रामाणिकपणे म्हणाला, "भाऊ, याले सीओटूवाला पाहा, माह्या मशीननं जाळी होईन." सीओटूवाला, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅस आणि बारीक तारेच्या मशीननं पातळ पत्रा जोडणारा, अमरावतीला मिळाला, तिथं कमानी करून आणल्या. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची तार काढून ठेवायची एवढं विसरू नका. मागच्या दाराचं तेवढं राहून गेलं. बाकी घासाघासी, रस्ट कन्व्हर्टर, इपॉक्सी प्रायमर, सगळं घरी कोठ्यात.

छताला फॅनचं भोक पाडताना दोन गोष्टी. ट्रॅव्हलरचं छत सपाट नाही, उंच पट्ट्या आहेत, त्यामुळे फॅनची चौकट नीट टेकत नाही आणि डब्यात येणारा फोम दोन पावसांत चेपतो. आधी अॅल्युमिनियमची सपाट फ्रेम करून घेतली, तिच्याखाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), स्क्रूंच्या डोक्यावर पीयू म्हणजे पॉलियुरेथेन सीलंट. दुसरं म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येते ते सिलिकॉन पत्र्याला लावूच नका. वाळताना त्यातून ॲसिटिक ॲसिड निघते आणि तेच उघड्या लोखंडाला खाते, शिवाय एकदा सिलिकॉन लागलं की त्यावर पुढं ना रंग बसत ना दुसरं सीलंट. दुकानदार म्हणेल सगळे हेच नेतात. नेऊ द्या.

ताप अडवायला छताच्या आतून १९ मिमीची नायट्राइल (रबरी) फोमशीट लावली, चांगली आहे, पण साध्या सोल्युशननं चिकटवलेली मेच्या दुपारी लोंबायला लागली. आता लाकडी पट्ट्यांनी दाबली आहे. दिसायला जुन्या बसचं छत, चालते.

कागदांचं एवढंच सांगतो की सीटा काढायच्या आधी आरटीओत जाऊन या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलाची परवानगी येते, आधी केलेलं बरं. नोंदणी नूतनीकरणाचा वेगळाच जाच. एप्रिल २०२२ मध्ये ६०० चे ५,००० झाले आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांच्या वरच्या हलक्या वाहनाला १०,०००. जुनी गाडी दुरुस्त करून वापरणं हा गुन्हा असल्यासारखं.

फिरण्याचं म्हणाल तर हिवाळ्यात मजा खरी. बहिरमच्या यात्रेला गेलो, तिथं लोक पिढ्यान्‌पिढ्या राहुट्या टाकून राहतात, रोडगे आणि हंडीचं मटण, आणि हे पोट्टे आता कॅम्पिंग कॅम्पिंग म्हणून व्हिडिओ टाकतात. आमची गाडी राहुट्यांच्या रांगेत लावली तर पाहायलाच लोक जास्त. एका आजीनं आत डोकावून विचारलं, चूल कुठं आहे? गॅस दाखवला तर तोंड वाकडं केलं.

फॅनला आता साडेतीन तारे. घ्यायचाच असेल तर रेन सेन्सर नसलेलं मॉडेल घ्या, चारेक हजार वाचतात, ताटीचा सगळा कार्यक्रम त्याच्यावरही तसाच चालेल. गाडीला किती द्यायचे ते मागच्या दाराचा पत्रा झाल्यावर ठरवू, सध्या ते दार दोरीनं बांधलेलं आहे आणि अमरावतीचा सीओटूवाला दिवाळीनंतर या म्हणतो.