सेकंडहँड लक्समन एल-505यूएक्स: नेरूळच्या टूबीएचकेत नऊ महिने

गेल्या वर्षी रिटायर झालो आणि पहिलं काम काय केलं तर हॉलमधला पसारा काढला. वेगळा प्रीअँप (आवाज कमी-जास्त करायचा डबा), दोन मोनोब्लॉक म्हणजे दोन स्पीकरना दोन वेगळे अँप, फोनोचा, म्हणजे टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवायचा, अजून एक डबा, आणि मागे वायरींचं जंगल, तिथे झाडू जात नाही म्हणून रोजची बोलणी. ठरवलं की एकच इंटिग्रेटेड अँप, म्हणजे हे सगळं एका डब्यात, टर्नटेबल, इंटरनेटवरून गाणी वाजवणारा स्ट्रीमर आणि घरात होते तेच हार्बेथचे छोटे पी3 स्पीकर. बास.

नवा घ्यायची ऐपत नव्हती, जुनाच शोधला. मन खरं तर बसलं होतं लक्समन या जपानी कंपनीच्याच एल-550एएक्स वर, प्युअर क्लास ए, 8 ओमला 20 वॅट. ठाण्यात वसंत विहारला एकांकडे तासभर ऐकला, आवाज असा गोड की उठवेना. पण क्लास ए म्हणजे गाणं चालू असो नसो आत करंट वाहतच राहणार, नुसता चालू ठेवला तरी वीज खात बसणार आणि सगळी धग हॉलमध्ये. मे महिन्यात एसी लावायचा आणि त्याच्यासमोर शेगडी पेटवायची, काय अर्थ आहे? शिवाय पी3 ची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे दिलेल्या वॅटला किती आवाज निघतो ते, 83.5 डीबी, म्हणजे स्पीकर तसे आळशीच. 20 वॅटवरून 100 वर गेलं की फक्त 7 डीबी जास्त मिळतात, पण पखवाजाची थाप पडते तेव्हा तेच 7 डीबी कामाला येतात.

मध्ये अ‍ॅक्युफेज या दुसऱ्या जपानी कंपनीचा एक अँप अगदी कमी भावात दिसला, हरखलो, मागची प्लेट बघितली तर 100 व्होल्ट. जपानच्या घरगुती बाजारातला. आपल्याकडे 230, म्हणजे कायमचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे परत एक डबा, आणि कोणी चुकून थेट सॉकेटात घातला तर खेळ खलास. सोडला.

शेवटी मिळालेला लक्समनचा 505यूएक्स मात्र 230 चाच निघाला, 8 ओमला 100 वॅट, नव्याच्या निम्म्याहून कमी भाव. जाताना मल्टिमीटर खिशात ठेवलाच होता, स्पीकर टर्मिनलवर डीसी मोजला, तो जवळजवळ शून्यच हवा, दोन्ही बाजूंना 10 मिलिव्होल्टच्या आत. वजन साडेबावीस किलो, जावयाने गाडीत घातला आणि ठाणे-बेलापूर रोडने घरी आणला, मी फक्त सूचना दिल्या.

दोन महिन्यांनी डावा चॅनल हळू आवाजात गायब व्हायला लागला, आवाज मोठा केला की परत हजर. पहिल्या टेक्निशियनने उघडायच्या आधीच बोर्ड गेला म्हणून सांगितलं आणि असा आकडा टाकला की मी नुसता चहा पाजून वाटेला लावला. दुसऱ्या म्हाताऱ्या कारागिराने आउटपुट रिले, म्हणजे स्पीकरला जोडणारा आतला स्विच, बदलला, काँटॅक्ट काळे पडले होते, खाडीच्या हवेत हे व्हायचंच. मागच्या आरसीए केबलच्या पिनासुद्धा दर दोन महिन्यांनी पुसतो.

आत डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा भाग, नाही, याबद्दल लोक नाक मुरडतात. मला ते बरंच वाटलं, डॅक चार वर्षांत जुना होतो, स्ट्रीमरमधला बदलता येतो. फोनो मात्र आतच आहे, एमएम-एमसी दोन्ही प्रकारच्या कार्ट्रिजना चालणारा, मल्लिकार्जुन मन्सूरांच्या एलपी लावतो, खरखर आहे ती रेकॉर्डची.

पण खरा उपयोग झाला तो ज्याला मी आयुष्यभर हसलो त्याचा. टोन कंट्रोल म्हणजे सिग्नलची वाट लावणं असं मी लोकांना सांगत फिरायचो, जुन्या प्रीअँपवर नुसता व्हॉल्यूम होता आणि त्याचा कोण अभिमान. आता साठीत उजवा कान जरा कमी ऐकतो, तानपुरा डावीकडेच बसलाय असं वाटायचं, मी स्पीकर सरकवत बसलो, केबल बदलल्या, शेवटी डॉक्टरांनी ऑडिओग्राम, म्हणजे कानाच्या तपासणीचा आलेख, समोर ठेवला. इथे बॅलन्सचा नॉब थोडा उजवीकडे, ट्रेबल किंचित वर, आणि तानपुरा मधे आला. लाइन स्ट्रेटचं बटण दाबलं की हे सगळं बायपास होतं, ते मी पहिल्या आठवड्यानंतर दाबलेलं नाही.

नातू आला की तो नॉब सरळ करून ठेवतो, त्याला वाकडा दिसतो. तो गेला की मी परत वाकडा करतो.