बुध की शुक्र: जास्त तापलेला कोण?

सूर्याला चिकटून असलेला बुधच सगळ्यात गरम, असं कुणालाही वाटेल. पण पहिला नंबर शुक्राचा. बुधावर दिवसा तापमान ४३० अंश सेल्सिअसला पोचतं आणि रात्री थेट उणे १८० अंशांवर घसरतं, कारण उष्णता धरून ठेवायला वातावरण जवळपास नाहीच. ध्रुवांजवळच्या काही विवरांत ऊन कधीच शिरत नाही; तिथे चक्क बर्फ आहे!

शुक्रावर दिवस असो वा रात्र, सुमारे ४६५ अंश. शिसंसुद्धा वितळेल. हवेत ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड, त्यामुळे आत आलेली उष्णता सहजासहजी बाहेर पडत नाही. वर पृथ्वीच्या ९० पटींहून जास्त दाब. १९८२ मध्ये सोव्हिएत यान व्हेनेरा-१३ तिथे उतरलं आणि १२७ मिनिटं टिकलं. त्या भट्टीत एवढं टिकणं म्हणजे कमालच म्हणायची.

आकाराने शुक्र जवळजवळ पृथ्वीएवढा, म्हणून त्याला आपली जुळी बहीण म्हणतात. मला ते फारसं पटत नाही. पोटातलं बघायचं तर बुध जास्त रंजक: त्रिज्येचा सुमारे ८५ टक्के भाग लोहाच्या गाभ्यानेच व्यापलाय, खडकाचं कवच वर नावापुरतं.