सात रस्त्याजवळचं एक्स-रे सेंटर: फिल्म चोख, रिपोर्ट अर्धवट

छातीची फिल्म काढायला सोलापुरातल्या सात रस्ता भागातलं हे डिजिटल सेंटर चांगलंच. एक्स-रेची नळी 180 सेंटिमीटरवर, छाती पाटाला टेकलेली, हनुवटी वर, खांदे पुढे. साखळी, ताईत, हुकाचे कपडे आधीच उतरवायला लावतात, वेणी वर बांधायला सांगतात, कारण ती फुप्फुसाच्या टोकावर आली की डाग भासतो. 'श्वास घ्या, धरा' हे तेलुगू आणि कन्नडमध्येही सांगतात. पूर्व भागातल्या विडी कामगार बायकांसाठी हे महत्त्वाचं, कारण श्वास अर्धवट राहिला की फुप्फुसाचा तळ दाटलेला दिसतो आणि कोविडचा न्यूमोनियाही बहुधा तिथंच, दोन्हीकडे, कडेकडेनं उमटतो. फिल्मवर मागच्या नऊ-दहा बरगड्या मोजता आल्या पाहिजेत. सातच दिसल्या तर पुन्हा काढायला सांगा.

घोळ आहे तो रिपोर्टात. तापाचा कितवा दिवस, पूर्वी टीबी झाला होता का, याला फॉर्मवर रकानाच नाही. दुसऱ्या दिवशीच्या फिल्मवर नुसतं 'नॉर्मल' छापलं की घरचे निर्धास्त होतात. हाँगकाँगमध्ये 2020 साली तपासलेल्या 64 कोविड रुग्णांपैकी पहिल्या एक्स-रेत दोष दिसला तो 69 टक्क्यांनाच; पहिली आरटी-पीसीआर मात्र 91 टक्क्यांची पॉझिटिव्ह होती. डाग सगळ्यात जास्त दिसले ते लक्षणं सुरू झाल्यावर 10 ते 12 दिवसांनी.

उलटंही होतं. 'व्हायरल न्यूमोनिया' असं ठाम लिहिलेला रिपोर्ट जपूनच घ्यावा. तसेच डाग जिवाणूंमुळे येतात, हृदय थकून फुप्फुसात पाणी साठलं तरी येतात; विषाणू कोणता, हे तर फिल्म सांगतच नाही. त्यासाठी घशा-नाकाचा स्वॅब. आजार फुप्फुसात किती पसरलाय, वाढतोय की ओसरतोय, हे पाहायला एक्स-रे उत्तम. म्हणून जुनी फिल्म सोबत न्या. म्हणजे टीबीचा बुजलेला जुना व्रण नवा डाग ठरत नाही. ऑक्सिजन 94 च्या खाली असेल तर मात्र एक्स-रेच्या रांगेत थांबू नका, थेट डॉक्टर गाठा.

घरी येऊन काढण्याची सोय अंथरुणाला खिळलेल्यांसाठीच घ्यावी. ती फिल्म समोरून, जवळून घेतात, त्यामुळे हृदय आहे त्याहून मोठं दिसतं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या फोटोवर भागवू नका, फिकट धुरकट डाग त्यात हमखास हरवतात. सीडी मागा. मागितल्याशिवाय देत नाहीत.